फलटणच्या मेंढीतलं एक अक्षर

रेणवीय जीवशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच खूप काही लक्षात ठेवावं लागतं. डीएनएची चार अक्षरं, तीन अक्षरांचा एक कोडॉन, वीस अमिनो आम्लं आणि त्यांचे विद्युतभार, पेशीवरची ग्राही प्रथिनं, एन्झाइम, पीसीआर, जेल. प्रत्येक धड्याचं उदाहरण वेगळं, आणि बहुतेक उदाहरणं परदेशातली. हे सगळे धडे एकाच प्राण्यात ओळीने वाचायला मिळतात असं एक उदाहरण मात्र सातारा जिल्ह्यात, फलटणला आहे. त्याचं नाव ‘नारी सुवर्णा’ मेंढी.

आपली दख्खनी मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. कोरड्या माळावर मैलोन् मैल चालणाऱ्या जनावराला ते सोयीचंही असेल. पण लोकरीला भाव उरला नाही आणि धनगराचं उत्पन्न जवळजवळ सगळं कोकरांच्या विक्रीवर आलं, तेव्हा वेताला एक की दोन, हा प्रश्न घर चालण्याचा झाला. बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ मध्ये फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था, म्हणजेच ‘नारी’, स्थापन केली होती. तिथे १९९० च्या दशकात या प्रश्नावर काम सुरू झालं. ते पुढे नेलं त्यांच्या कन्या डॉ. चंदा निंबकर यांनी. इरावती कर्वे यांच्या त्या नात.

उत्तर सापडलं ते सुंदरबनात. बंगालच्या त्या दलदलीत गारोळ नावाची मेंढी आहे. वजन जेमतेम दहा-पंधरा किलो, पण जुळी-तिळी देणारी. या मेंढीची कुळकथा विलक्षण आहे. १७९२-९३ मध्ये कोलकात्याहून जहाजांतून काही बंगाली मेंढ्या ऑस्ट्रेलियाला गेल्या. पुढे दीडशेहून अधिक वर्षांनी न्यू साउथ वेल्समधल्या ‘बुरूला’ नावाच्या एका मेंढीफार्मवर मेरिनो मेंढ्या एका वेताला चार-पाच कोकरं देताना आढळल्या. १९८० च्या सुमारास शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की यामागे अनेक जनुकांचा मेळ नसून एकच जोरकस जनुक आहे. त्याला ‘फेक-बी’ हे नाव मिळालं. २००१ मध्ये न्यूझीलंड, फ्रान्स आणि ब्रिटनमधल्या तीन गटांनी स्वतंत्रपणे नेमका बदल शोधला, आणि पुढच्याच वर्षी गारोळच्या डीएनएतही तोच बदल असल्याचं सिद्ध झालं. बुरूलाच्या जुळ्या-तिळ्यांचं मूळ बंगालमध्ये असावं, या तर्काला त्यामुळे भक्कम आधार मिळाला.

हा बदल केवढा? मेंढीच्या जनुकसंचात पावणेतीन अब्जांच्या आसपास अक्षरं आहेत. सहाव्या गुणसूत्रावर ‘बीएमपीआर-१बी’ हे जनुक आहे. त्याच्या संकेतातलं ७४६ वं अक्षर ‘ए’ असतं, तिथे ‘जी’ आलं. एवढंच. आता विद्यार्थ्याने कागद घ्यावा. ७४६ ला तिनाने भागलं की कळतं, हे २४९ व्या कोडॉनचं मधलं अक्षर आहे. म्हणजे ‘सीएजी’चा ‘सीजीजी’ झाला आणि ग्लुटामिनच्या जागी आर्जिनिन बसलं. ग्लुटामिनवर विद्युतभार नाही. आर्जिनिनवर शरीरातल्या सामूला धनभार असतो. ५०२ अमिनो आम्लांच्या प्रथिनात एका जागी आलेला हा एक धनभार. अमिनो आम्लांचे भार कशासाठी पाठ करायचे, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला हे उत्तर पुरावं.

कारण ती जागा साधी नाही. हे प्रथिन पेशीच्या पटलात बसलेलं ग्राही आहे. बाहेरून आलेला संदेश ते घेतं आणि आत दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेट जोडून पुढे पाठवतं. फॉस्फेट जोडणाऱ्या, कायनेज म्हणवणाऱ्या भागातच हा बदल झाला आहे. त्याने संदेश बदलतो आणि बीजकोषातले फॉलिकल एरवीपेक्षा लहान असतानाच पक्व होतात. एका मोठ्या फॉलिकलऐवजी दोन-तीन लहान फॉलिकल एकाच माजात बीजांडं सोडतात, आणि वाड्यावर जुळी कोकरं जन्मतात.

पण कोणत्या कोकरात ते अक्षर आहे, हे बघून कळत नाही. मेंढ्यात तर कधीच नाही, कारण तो वीत नाही. इथे फलटणला पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची आणि ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठांची साथ मिळाली. थोडं रक्त घ्यायचं, डीएनए वेगळा करायचा आणि पीसीआरने तो तुकडा वाढवायचा. तीस आवर्तनांत एका प्रतीच्या, तत्त्वतः, १०७ कोटींहून अधिक प्रती होतात. चाचणीची खरी करामत पुढे आहे. प्रायमरमध्ये मुद्दाम एक अक्षर असं बदललेलं असतं की ७४६ व्या जागी ‘जी’ असेल तरच ‘एव्हा-टू’ या एन्झाइमला कापायची खूण मिळावी. ‘जी’ असेल तर १९० अक्षरांचा तुकडा कापला जाऊन १६० चा पट्टा दिसतो. नसेल तर १९० चाच राहतो. एक प्रत असलेल्या जनावरात दोन्ही पट्टे दिसतात. हे कापणारं एन्झाइम अ‍ॅनाबीना या सायनोबॅक्टेरियाचं, आणि डीएनए वाढवणारं टॅक एन्झाइम मूळचं यलोस्टोनच्या गरम झऱ्यांतल्या जीवाणूचं. माणदेशी मेंढीची परीक्षा या दोघांच्या हत्यारांनी होते, हे मला आजही थक्क करणारं वाटतं.

मग कामाला येतो मेंडेल. दोन्ही प्रती असलेला मेंढा साध्या कळपात सोडला, तर त्याची प्रत्येक मुलगी एक प्रत घेऊनच जन्मते. गारोळ फार लहान चणीची, म्हणून तिचं जनुक तेवढं ठेवून अंगबांधा दख्खनीकडे वळवत न्यायचा होता. पुढे वाढीसाठी आणि दुधासाठी बन्नूर आणि अवासी या जातींचाही संकर केला गेला.

आणि इथेच फलटणच्या कामाचं मोठेपण मला दिसतं. जनुक मिळालं म्हणून प्रश्न सुटला, असं त्यांनी मानलं नाही. मेंढीला सड दोनच. चारा कमी पडला तर दुसरं कोकरू अशक्त राहतं, तिसरं बहुधा दगावतं. एक प्रत असलेल्या मेंढीला साधारण दर दोन वेतांत एकदा जुळं होतं, आणि एवढं धनगराला सांभाळता येतं. दुसऱ्या प्रतीने बीजांडं वाढतात, पण त्या मानाने जगणारी कोकरं वाढत नाहीत. म्हणून हे मेंढे प्रत्यक्ष मेंढपाळांच्या कळपांत दिले गेले, तिथे नोंदी ठेवल्या गेल्या, गाभण मेंढ्यांच्या खुराकाची आणि कोकरांच्या संगोपनाची माहिती देण्यात आली. जास्तीत जास्त कोकरांपेक्षा जगतील तेवढी कोकरं, हा निर्णय प्रयोगशाळेत होऊ शकत नाही. त्यासाठी कळपामागे चालावं लागतं. मला हेही जीवशास्त्राच्या अभ्यासाचाच भाग वाटतो, आणि पुस्तकात त्याला जागा नाही याचं वाईट वाटतं.

फलटण, सातारा, कराड, सांगली इथल्या महाविद्यालयांत जीवशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांना म्हणूनच माझी विनंती आहे. उत्परिवर्तनाचा धडा घेताना सिकल सेल सांगाच, पण त्याच तासाला ही मेंढीही सांगा. फळ्यावर ‘सीएजी’ लिहा, मधलं अक्षर मुलांना बदलू द्या, आणि पुढे काय होतं ते त्यांनाच टप्प्याटप्प्याने शोधून काढायला सांगा. त्या वर्गात एखादं तरी पोर मेंढपाळाच्या घरचं असेल. त्याला फळ्याजवळ बोलवा आणि जुळी कोकरं वाड्यावर कशी जगवतात, हे इतरांना समजावून सांगायला लावा.