तारेतला निरोप

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कारखान्यांत खेड, मावळ, जुन्नरकडची किती तरी मुले कामाला जातात. त्यांतल्या एखाद्याला विचारून पाहा : गाडीचा रंग भाजून पक्का करायची भट्टी किती तापली, हे लांबच्या खोलीत बसलेल्याला कसे कळते? तो म्हणेल, "तारेतून." पण तारेतून जाते काय?

भट्टीत दोन निरनिराळ्या धातूंच्या तारांचा जोड असतो. तो तापला की काही मिलिव्होल्ट दाब तयार होतो. हा दाबच दूर पाठवला तर वाटेत घटू शकतो. आपल्या शेतातल्या पाइपाचेच घ्या ना! विहिरीपाशी पाण्याला जोर असतो, तितका शेवटच्या टोकाला राहत नाही. मात्र पाइप गळका नसेल, तर जितके पाणी आत शिरते तितकेच बाहेर पडते. विजेचेही तसेच. म्हणून भट्टीजवळचे एक छोटे यंत्र दाब घेते आणि त्या मापाने प्रवाह देते.

दाबाच्या मापाने प्रवाह देण्याच्या या गुणाला ट्रान्सकंडक्टन्स म्हणतात. याच गुणाचा एक विवर्धक, म्हणजे अॅम्प्लिफायर, 'सीए ३०८०' या नावाने अमेरिकेतल्या आरसीए कंपनीने १९६९ साली काढला. त्यात आणखी एक सोय होती. किती दाबाला किती प्रवाह, हे वेगळ्या टोकाला दिलेल्या प्रवाहाने ठरवता येई. पाटाचे दार कमीजास्त उघडावे तसे. असे विवर्धक विजेवरच्या वाद्यांत आवाज लहानमोठा करायला वापरतात.

आता पुन्हा भट्टीकडे वळू. कारखान्यात निरोपाचा प्रवाह बहुधा ४ ते २० मिलिअँपिअर ठेवतात. समजा, ० अंशाला ४ आणि २०० अंशांना २०. मग १६ मिलिअँपिअरला किती अंश? गुरुजींनी हे गणित मुलांना जरूर घालावे. उत्तर १५०.

पण सुरुवात शून्यापासून का नाही? समजा, तार तुटली. प्रवाह शून्य झाला. शून्य म्हणजे 'थंड' असे ठरले असते, तर यंत्राने भट्टी आणखी पेटवली असती, आणि शेजारी कुणाचा तरी मुलगा उभा असता! चारची रीत असली, की काटा चाराच्या खूप खाली जाताच कळते : भट्टी थंड नाही, निरोपच तुटला आहे. मग भट्टी बंद करता येते.

मुलगा सुटीला घरी आला की त्याला एवढे विचाराच : तार तुटली तर तुमचा काटा कुठे जातो?