आडरस्त्यांचा खानदेश: सायकलवरून चाळीस वर्षं

१९८०च्या दशकात जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत सायकल नसलेलं घर शोधावं लागे, आणि गावापर्यंत डांबर गेलेला रस्ता त्याहून जास्त शोधावा लागे. आज बरोबर उलट आहे. डांबर बहुतेक गावांना पोचलं आणि सायकल ओसरीवर गंजत पडली. या अदलाबदलीत खानदेशाच्या हाती एक मोठी संपत्ती आली आहे. इतिहासानं भरलेल्या शिवारांतून जाणारे, सपाट, जवळजवळ रिकामे रस्ते. तिच्याकडे आपलं लक्ष अजून गेलेलं नाही, म्हणून हा मागोवा.

तेव्हाची सायकल म्हणजे काळी, जड, चोवीस किंवा बावीस इंची. मास्तर, पोस्टमन, दूधवाला, अमळनेरच्या प्रताप मिलचा कामगार, सगळे तिच्यावर. नगरपालिकेचा बिल्ला हँडलखाली लावलेला असे आणि ज्यांच्याकडे सायकल नसे ते तासाच्या भाड्यानं घेत. पोरं दांडीखालून पाय घालून शिकत. माझे वडील पारोळा तालुक्यातल्या एका खेड्यावर शिक्षक होते. उन्हाळ्यात गाडवाटेनं ते आरामात जात, पावसाळ्यात मात्र काळी माती चाक आणि मडगार्डच्या मध्ये अशी गच्च बसे की चाक फिरेना. मग काडीनं माती कोरायची, चार पावलं जायचं, पुन्हा कोरायची. शेवटी सायकल खांद्यावर. कपाशीच्या जमिनीत राहणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

वाहतूक तेव्हा दोनच रस्त्यांवर होती. एक मुंबई–आग्रा, धुळेकरांचा आग्रा रोड. दुसरा सुरतेहून धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ करत नागपूरकडे जाणारा, जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६. दोन्ही गावांच्या पोटातून जात आणि दोन्हींवर कडुनिंबाची, चिंचेची, वडाची सावली होती. खानदेशात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. इथे रस्त्याकडेचं झाड हे रस्त्याइतकंच बांधकाम आहे, असं माझं मत आहे.

मग लुना आली, पाठोपाठ हिरो होंडा. सायकलीवरून माणसं उतरली आणि जो उतरला नाही तो गरीब ठरला, हे या काळातलं सर्वांत वाईट घडलं. २००० साली पंतप्रधान ग्रामसडक योजना सुरू झाली, पुढे मुख्यमंत्र्यांच्या नावाची योजना आली, आणि वर्षानुवर्षं गाडवाट असलेले रस्ते काळे, गुळगुळीत झाले. म्हणजे रस्ता चांगला झाला तेव्हा सायकलस्वार निघून गेला होता. अपवाद मुलींचा. मानव विकास योजनेतून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या, आणि सकाळी शाळेच्या वेळेला फाट्यावर निळ्या गणवेशातल्या मुलींचा जथा दिसू लागला. खानदेशात सायकल जिवंत ठेवली ती या मुलींनी.

त्यानंतर चौपदरीकरण. आधी आग्रा रोड, मग सुरत–नागपूर. फागणे ते तरसोद या टप्प्याचं काम इतकं रेंगाळलं की त्या खड्ड्यांनी दोन्ही जिल्ह्यांचा जीव काढला. रुंदीकरणात सावली गेली. ती मोठमोठी झाडं पडलेली पाहताना जे वाटलं ते अजून गेलेलं नाही. पण या सगळ्यात एक चांगलं झालं. गावांना वळणरस्ते मिळाले आणि ट्रक तिकडून जाऊ लागले. पारोळ्याच्या किल्ल्याजवळून जाणारा जुना रस्ता आता स्थानिक माणसांचा राहिला. हा किल्ला हरी सदाशिव दामोदर यांनी १७२७ साली बांधला. भुईकोट, भोवती खंदक. ट्रकच्या गर्दीत तो कित्येकांनी कधी मान वर करून पाहिलाच नव्हता.

माझा सर्वांत आवडता तुकडा जळगावच्या अगदी बाहेर आहे: आसोदा आणि तिथून भादली. आसोद्याला बहिणाबाई चौधरी १८८० साली जन्मल्या. भादली स्टेशनाजवळ ५ मे १९१८ रोजी बालकवींना रेल्वेची धडक बसली आणि तिथेच ते गेले. तेव्हा त्यांचं वय अवघं सत्तावीस होतं. मराठीतले निसर्गाचे दोन सर्वांत मोठे कवी, एकाचं जन्मगाव आणि दुसऱ्याचा मृत्यू, एकाच शिवारात, सायकलच्या थोडक्या रपेटीत. बालकवी गेले तेव्हा बहिणाबाई शेतात राबत होत्या, जात्यावर ओव्या रचत होत्या, आणि मराठी साहित्याला त्यांचं नावही ठाऊक नव्हतं. ते कळायला १९५२ साल उजाडावं लागलं, त्यांच्या मृत्यूनंतरचं. या रस्त्यानं हळू जाताना दोन्ही बाजूंना केळी, कपाशी, दादर ज्वारी दिसते. मोटारीतून हे अंतर काही मिनिटांत संपतं आणि काहीच दिसत नाही. बहिणाबाईंच्या कवितेतलं शेत कसं असतं ते विद्यार्थ्यांना वर्गात सांगण्यापेक्षा या रस्त्यावर न्यावं.

बालकवींचं जन्मगाव धरणगाव. तिथून एरंडोल जवळच. धरणगावात सतराव्या शतकात इंग्रजांची वखार होती, आणि पुढे १८२५ साली जेम्स आउट्रमनं भिल्ल पलटणीचं ठाणं तिथेच केलं. एरंडोलहून पद्मालयाला जाणारा रस्ता थोडा चढाचा, झाडीतून जाणारा आहे. वर कमळांचं तळं आणि एकाच गाभाऱ्यात दोन गणपती, एक उजव्या सोंडेचा, एक डाव्या.

धुळ्याकडे पांझरा आहे. पिंपळनेरच्या बाजूनं ती येते, धुळ्यातून पुढे उत्तरेला वळते आणि मुडावदला तापीला मिळते. संगमावर कपिलेश्वराचं देऊळ आहे. धुळ्याहून न्याहळोद, बेटावद करत मुडावदला जावं. या नदीवर तीन-चारशे वर्षांपासून फड पद्धत चालत आली आहे. नदीवर पाठोपाठ बांधलेले बंधारे, त्यातून निघालेले पाट, आणि शिवाराचे फड पाडलेले. एका फडात त्या हंगामाला एकच पीक. पाणी सोडायचं काम पाटकऱ्याकडे, कुणी हाताशी कुदळ घेऊन आपल्याकडे वळवायचं नाही. सरकारच्या आधीपासून शेतकऱ्यांनी आपसांत चालवलेली ही व्यवस्था जगभरच्या पाटबंधारे अभ्यासकांनी येऊन पाहिली. धुळ्यातल्या किती जणांनी पाहिली? बंधाऱ्यापाशी सायकल लावून अर्धा तास बसलं तरी ती समजते.

सोनगीरहून दोंडाईच्याकडे निघालं की चिमठाणे लागतं. १४ एप्रिल १९४४ रोजी इथेच सातारच्या प्रतिसरकारच्या क्रांतिकारकांनी इंग्रज सरकारचा खजिना लुटला, साडेपाच लाख रुपयांचा. धुळ्याच्या दक्षिणेला लळिंगचा फारुकींचा किल्ला आणि तिथला लांडोर बंगला, जिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ साली उतरले होते. तिकडे जाताना मात्र महामार्गाशिवाय गत्यंतर नाही, आणि माझ्या मते तो सायकलसाठी धोक्याचा आहे. चाळीसगावहून पाटणादेवी याच्या अगदी उलट: शेवटचे मैल डोंगराच्या कुशीत. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं मठ स्थापल्याचा शिलालेख पाटण्याला सापडला, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला.

फैजपूरची शिफारस करायला मन होतं. १९३६चं काँग्रेस अधिवेशन, खेड्यातलं पहिलं, पंडित नेहरू अध्यक्ष आणि नंदलाल बोस यांनी सजवलेलं नगर. पण चोपडा–यावल–फैजपूर–रावेर हा रस्ता केळीच्या ट्रकांचा आहे. गिरणा आणि तापीकाठचे काही सुंदर रस्तेही वाळूच्या डंपरनी वाईट केले आहेत. डंपर पहाटे धावतात, म्हणजे नेमके सायकलच्या वेळेला.

फ्रान्समध्ये शांत आडरस्त्यांवर सायकल चालवायला लोक जगभरातून जातात. तिथेही हे आयतं मिळालेलं नाही. ल्वार नदीच्या काठानं सुमारे ९०० किलोमीटरचा सायकलमार्ग आखला गेला, त्यात बराच भाग आधीच असलेल्या गावरस्त्यांचा आहे. बर्गंडीत जिव्री ते क्लुनी ही बंद पडलेली रेल्वे १९९७ साली सायकलवाट झाली. (आपली पाचोरा–जामनेर छोटी गाडी ब्रॉडगेज होते आहे. ते योग्यच, खेड्याला गाडी हवी.) सायकलला ओलांडताना गावाबाहेर दीड मीटर अंतर सोडायचं, हा तिथला कायदा आहे. पाट्या, नियम आणि सावली, एवढ्यावर ते उभं आहे. किल्ले, देवळं, नदीकाठ आपल्याकडे कमी नाहीत.

२०२०च्या टाळेबंदीनंतर धुळे आणि जळगावात गिअरच्या सायकली पुन्हा दिसू लागल्या. त्याच वर्षी जूनमध्ये साहिबाबादचा ॲटलसचा कारखाना बंद झाला, ज्या सायकलींवर आमची पिढी वाढली त्यांचा. नवे सायकलस्वार डॉक्टर, वकील, व्यापारी, कॉलेजची मुलं आहेत आणि ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्यातले बहुतेक चौपदरी महामार्गाच्या कडेनं जातात, कारण तो सरळ आणि वेगाचा. बाजूनं ऐंशीच्या वेगानं ट्रक जातो. त्या रस्त्यावर ऐकू येतो तो टायरचा आवाज. आडरस्त्यावर मोटेच्या जागी आलेल्या मोटारपंपाचा, पाखरांचा, आणि बांधावरून 'राम राम भाऊ' म्हणणाऱ्याचा ऐकू येतो. त्यानं थांबवून चहा पाजला नाही तर तो खानदेश नाही.

सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आणि ग्रामपंचायतींकडे मागणं एवढंच आहे. वळणरस्ता झालेल्या प्रत्येक गावाच्या जुन्या रस्त्यावर पुन्हा कडुनिंब लावा, तीन उन्हाळे त्यांना पाणी घाला, आणि फाट्यावर किल्ल्याची, बंधाऱ्याची, कवीच्या घराची पाटी लावा. ज्या आडरस्त्यावर शाळेच्या मुली सायकलनं जातात तिथून डंपर बंद करा.

आणि वाचकहो, दिवाळी ते होळी हा हंगाम आहे. उजाडायच्या आत निघा, दहाच्या आत परता. सराट्याचे काटे असतात, म्हणून पंक्चरचं सामान आणि पंप बरोबर ठेवा, पाण्याच्या दोन बाटल्या ठेवा. साक्रीकडे जाणार असाल तर वारा पश्चिमेचा आहे का ते आधी पाहा, ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या तिथे उगाच उभ्या नाहीत. कुठून सुरू करावं असं वाटत असेल तर आसोदा जळगावपासून ५-६ किलोमीटरवर आहे.