ओव्हरटाईम : संमती की असहायता?

कारखान्यांतील ओव्हरटाईमची तिमाही मर्यादा ११५ तासांवरून १४४ तासांपर्यंत वाढविण्यास राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मान्यता दिली. कामगाराच्या लेखी संमतीवाचून जादा काम घेता येणार नाही, असा दिलासाही त्याबरोबर देण्यात आला. प्रश्न आहे तो या संमतीच्या मोलाचा.

१९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि जादा कामाला दुप्पट वेतन ठरविले. दुप्पट वेतन परवडत नाही म्हणून मालक नवी माणसे नेमील, ही अपेक्षा होती. पण नवा कायम कामगार म्हणजे भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि भरपगारी रजा. ओव्हरटाईमची रक्कम मात्र निधी व ग्रॅच्युइटीच्या हिशेबात सामान्यतः धरली जात नाही. शिवाय मागणी घटताच ओव्हरटाईम एका शब्दाने बंद करता येतो. तेव्हा माणसे तोकडी, मूळ वेतन बेताचे आणि उरलेले काम ओव्हरटाईमवर, हे व्यवस्थापनाच्या सोयीचे गणित ठरते.

ते चालते अनिश्चिततेच्या जोरावर. आंबिवलीचा एनआरसी कारखाना २००९ मध्ये बंद पडला. ठाणे-कल्याण पट्ट्यातील कामगाराने असे भोंगे थांबताना पाहिले आहेत. ज्याच्या कंत्राटाचे नूतनीकरण पुढल्या महिन्यावर आले आहे, तो पर्यवेक्षकाला ‘नाही’ कसे म्हणणार? नकार दिल्यास यादीतून नाव गळेल ही भीती, आणि उद्याचा भरवसा नाही म्हणून आजच चार पैसे गाठीला बांधावेत ही निकड. या दोहोंतून जी सही उमटते, तिलाच आपण संमती म्हणतो.

आता साधा हिशेब पाहू. १४४ तास म्हणजे ४८ तासांचे तीन आठवडे. तिमाहीत आठवडे तेरा. म्हणजे पाच कामगारांच्या पूर्ण ओव्हरटाईममध्ये एका माणसाची नोकरी सहज सामावते. ती ज्याला मिळायची, तो कदाचित त्यांच्यापैकीच एखाद्याचा बेकार मुलगा असेल.

म्हणून केवळ संमतिपत्र पुरेसे नाही. ज्या विभागात सलग दोन-तीन तिमाही ओव्हरटाईम मर्यादेला भिडतो, तेथे जागा रिक्त आहे असे मानून भरती सक्तीची करावी. ओव्हरटाईमची रक्कम निर्वाह निधीच्या हिशेबात धरावी. नकार देणाऱ्या कंत्राटी कामगाराला संरक्षण असावे. नाही म्हणण्याची मुभा नसेल, तर ‘हो’ला अर्थ उरत नाही.