गाडी सोडायची की नाही?

विमानाला रिव्हर्स गिअर नसतो. इंजिनाचा झोत उलटा फिरवून ते मागे सरकवता येतं, पण टर्मिनलच्या काचांसमोर तो उद्योग कुणी करत नाही. म्हणून नाकाशी एक बुटका, बसका ट्रॅक्टर लागतो आणि विमानाला ढकलत मागे नेतो. विमानतळावर त्याला ‘टग’ म्हणतात. बोइंग ७७७-३०० ईआरचं उड्डाणावेळचं कमाल वजन सुमारे ३५१ टन असतं. एवढं धूड हलवणारा टग स्वतः चाळीस-पन्नास टनांचा असू शकतो. त्यातलं बरंचसं वजन मुद्दाम घातलेलं लोखंड असतं, कारण इंजिन कितीही ताकदवान असलं तरी चाकांखाली पकड नसेल तर ते जागच्या जागी फिरत राहील. पावसाळ्यात ओल्या, तेलकट काँक्रीटवर हे फार लवकर कळतं.

हा टग, सामान चढवणारे बेल्ट लोडर, कंटेनर उचलणारे हाय-लोडर, उभ्या विमानाला वीज पुरवणारे जीपीयू, शिड्या, बस, अग्निशमन दलाचे बंब असा सगळा ताफा कुणीतरी दुरुस्त करत असतं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर प्रवाशाला या वर्कशॉपचं छप्परही दिसत नाही. तिथला मेकॅनिक बहुधा आयटीआयचा ‘मेकॅनिक डिझेल’ किंवा ‘मोटर व्हेईकल’ झालेला असतो. अशा मेकॅनिकांच्या शिफ्टवर एक सुपरवायझर असतो, आणि हा लेख त्याच्या कामाबद्दल आहे. हातात पाना धरण्याचे त्याचे दिवस बहुतेक मागे पडलेले असतात. आता त्याला दिवसातून अनेकदा एकच गोष्ट ठरवायची असते: गाडी सोडायची की नाही.

विमानाच्या बाबतीत या प्रश्नाला कायद्याची चौकट आहे. डीजीसीए या हवाई वाहतूक नियामकाचा परवाना असलेल्या अभियंत्याची सही झाल्याशिवाय दुरुस्त केलेलं विमान उडत नाही, आणि ती सही त्याच्या परवान्यावर बेतलेली असते. त्याच विमानाला हात लावणारा टग दुरुस्त करणाऱ्या डिझेल मेकॅनिककडे मात्र तसा परवाना नसतो. तिथे कंपनीची पद्धत, यंत्राचं मॅन्युअल आणि सुपरवायझरचा शब्द एवढ्यावर काम चालतं. मला ही तफावत खटकते. हवेतल्या धोक्यांकडे इतक्या बारकाईने पाहणारा हा उद्योग जमिनीवरच्या धोक्यांबाबत बराच काळ भाबडा राहिला. २०२२ मध्ये ‘आयाटा’ या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने हिशेब मांडला, की उपाय केले नाहीत तर जमिनीवर होणाऱ्या नुकसानीचा वार्षिक खर्च २०३५ पर्यंत दुप्पट होऊन दहा अब्ज डॉलरच्या आसपास जाईल. उभ्या विमानांचं बहुतेक नुकसान करतात ती इंजिनावर चालणारी हीच यंत्रं. त्यात नव्या विमानांनी भर घातली आहे. ॲल्युमिनियमचा पत्रा चेपला तर खड्डा दिसतो. बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५० यांचं कार्बन फायबरचं अंग बाहेरून गुळगुळीत दिसूनही आत दुखावलेलं असू शकतं.

सुपरवायझरचा शब्द म्हणजे काय, हे कळण्यासाठी टोबार पाहावा. टग आणि विमानाचं पुढचं चाक यांना जोडणारा हा लांब दांडा. त्याच्या तोंडाशी एक छोटी पिन असते, शिअर पिन. ठरावीक जोरापलीकडे ताण आला की तिने तुटायचं, हेच तिचं काम. ती तुटली म्हणजे विमानाचा नोज गिअर, म्हणजे पुढच्या चाकाची यंत्रणा, वाचला. विमानाच्या प्रकाराप्रमाणे टोबार बदलतो आणि पिनची ताकदही. आता रात्री दोनची वेळ घ्या. पिन तुटली आहे, स्टोअरमध्ये त्या मापाची दुसरी नाही, वॉकीटॉकीवर डिस्पॅचवाला ओरडतो आहे आणि भंगाराच्या डब्यात बरोब्बर बसणारा एक दणकट बोल्ट दिसतो आहे. आपल्याकडच्या कुठल्याही हायवे गॅरेजमध्ये तो बोल्ट लावणाऱ्याचं कौतुक होईल. इथे तो लावला तर पुढच्या वेळी पिनऐवजी विमानाचा नोज गिअर मोडेल. जुगाडात तरबेज असलेल्या पोराला जुगाड करू न देणं हा सुपरवायझरच्या नोकरीचा मोठा भाग आहे, आणि तो अवघडही आहे, कारण पोरगा खरंच हुशार असतो.

हायड्रॉलिकचंही तसंच. हाय-लोडरचा प्लॅटफॉर्म कात्रीसारख्या पायांवर वर जातो. खाली शिरून काम करायचं तर आधी सेफ्टी प्रॉप लावायचा. तेलाच्या दाबावर विसंबून कुणी आत डोकं घालत नाही. गळती शोधायला होजवरून हात फिरवायचा नाही, पुठ्ठा धरायचा. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून उडणारं तेल कातडी भेदून आत जातं; बाहेरून बारीकसा ठिपका दिसतो आणि बोट गमावण्याची वेळ येते. नवा मुलगा हे ऐकून हसतो. म्हणून दर बॅचला ते पुन्हा सांगावं लागतं.

काम संपल्यावर हत्यारं मोजायची. एक पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत गाडी बाहेर जात नाही. गाडीत विसरलेला पाना विमानाच्या वाटेवर पडू शकतो. हा अतिरेक वाटत असेल तर २५ जुलै २००० आठवावा. पॅरिसमध्ये आधी उडालेल्या एका विमानातून धातूची जेमतेम अर्ध्या मीटरची पट्टी धावपट्टीवर पडली. मागून आलेल्या कॉन्कॉर्डचा टायर तिच्यावरून जाऊन फाटला, त्याच्या तुकड्याच्या दणक्याने इंधनाची टाकी फुटली, आणि ११३ माणसं गेली. ती पट्टी बसवतानाचं काम धड झालेलं नव्हतं.

मुंबईत ‘नाही’ म्हणणं जास्त महाग पडतं. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच धावपट्टी चालते. तरीही डिसेंबर २०१८ मध्ये एका दिवसात हजाराहून जास्त विमानांची ये-जा इथे झाली. अशा वेळापत्रकात एक टग बंद पडला तर पार्किंगची जागा अडते, मागचं विमान टॅक्सी-वेवर थांबतं. त्यात समुद्र जवळ. खारी हवा वायरिंगच्या सॉकेटपासून चॅसिसपर्यंत सगळं खाते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला तेव्हा विमानतळच बंद ठेवावा लागला. १ जुलै २०१९ च्या रात्री मुसळधार पावसात जयपूरहून आलेलं बोइंग ७३७ मुख्य धावपट्टी ओलांडून चिखलात रुतलं. प्रवासी सुखरूप उतरले, पण विमान काढायला काही दिवस लागले. रुतलेलं विमान बाहेर काढण्याची खास सामग्री एअर इंडियाकडे होती, ती आणावी लागली. वर्षानुवर्षं गोदामात पडून असलेली अशी सामग्री एका रात्री अचानक लागते, आणि तोवर ती धड ठेवणं हे कुणाच्या तरी तपासणीच्या यादीत असावं लागतं.

या सगळ्यात मला अग्निशमन बंबाचं गणित सर्वांत विलक्षण वाटतं. विमानतळाची अग्निशमन श्रेणी तिथे येणाऱ्या विमानांच्या लांबी-रुंदीवरून ठरते. दहाव्या म्हणजे सर्वोच्च श्रेणीला आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे किमान तीन बंब लागतात, आणि ‘बी’ दर्जाचा फोम वापरला तर ३२,३०० लिटर पाणी. चालू धावपट्टीच्या कुठल्याही टोकाला तीन मिनिटांच्या आत पोचायचं. साडेचार हजार लिटरपेक्षा जास्त पाणी वाहणाऱ्या बंबाने ताशी ८० किलोमीटरचा वेग ४० सेकंदांत गाठायचा. म्हणजे ही गाडी आयुष्यभर पूर्ण भरलेली उभी राहते. स्प्रिंग आणि टायर सतत ओझ्याखाली, किलोमीटर मात्र नगण्य. हाक आली की इंजिन गरम व्हायला उसंत न देता पाय थेट तळापर्यंत. अशा गाडीची सर्व्हिस किलोमीटरवर ठरवणं निरर्थक असतं. बॅटरी चार्जरला जोडलेली, ब्रेकची हवा भरलेली आणि टायर ठरलेल्या मुदतीत बदललेले ठेवावे लागतात. राखीव गाडी नसताना बंब वर्कशॉपमध्ये उभा राहिला, तर विमानतळाची श्रेणीच खाली येऊ शकते आणि वैमानिकांना तशी सूचना काढावी लागते. वर्कशॉपमधल्या कामाच्या फळ्यावरची एक नोंद अशी थेट वैमानिकापर्यंत जाते.

त्या फळ्यावरून होणाऱ्या भांडणांत सर्वांत जुनं भांडण सुट्या भागांचं. यातली कितीतरी यंत्रं जर्मनी, फ्रान्स, ऑस्ट्रियाची. पार्ट यायला आठवडे लागतात. तोवर एका उभ्या गाडीचा पंप काढून दुसरीला लावायचा मोह होतो. तसं एकदा केलं की पहिल्या गाडीतून अल्टरनेटर जातो, मग रेडिएटर, आणि सहा महिन्यांत ती भंगार होते. चांगले सुपरवायझर हे करतात, पण लिहून करतात: कुठल्या गाडीतून काय काढलं, कधी परत लावायचं. वाईट सुपरवायझर तोंडी करतात.

आता विजेवरचे टग आणि लोडर येत आहेत, आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालेल्या नवी मुंबईच्या विमानतळामुळे याच कामाची माणसं खाडीपलीकडेही लागणार आहेत. इंजिनाच्या आवाजावरून इंजेक्टर ओळखणाऱ्या मिस्त्रीपुढे आता नारिंगी वेष्टनाची उच्च दाबाची केबल असते. ती उघडण्याआधी वीज तोडून, कुलूप लावून, मीटरने खात्री करायची. लॅपटॉपवर बिघाडाचा कोड वाचायला तो दोन आठवड्यांत शिकतो. वर्षानुवर्षांची, गाडी चालू ठेवूनच बॉनेट उघडण्याची सवय मोडायला मात्र बराच वेळ लागतो, आणि तोवर सुपरवायझर त्याला एकट्याला त्या गाडीवर पाठवत नाही.