एक घर, एक प्रश्न

गावच्या यात्रेचा ड्रोनने काढलेला फोटो फ्लेक्सवर छापायचा होता. छपाईवाल्याने फाइल उघडली, प्रॉपर्टीजमध्ये ‘७२ डीपीआय’ वाचलं आणि फोटो परत केला. ‘तीनशेचा आणा, आणि जमलं तर रॉ आणा.’ एका वाचकांनी हा प्रसंग कळवून विचारलंय, की माझा ड्रोन तर ४८ मेगापिक्सेलचा आहे, मग फोटो ७२चाच कसा? आणि ही ‘रॉ’ काय भानगड आहे?

पहिल्या प्रश्नाचा निकाल लगेच लावता येईल. ते ७२ विसरून जा. छापताना एका इंचात किती ठिपके बसवायचे, याची ती फाइलला चिकटवलेली नुसती सूचना आहे. ती खोडून ३०० लिहिली तरी फोटोत एका पिक्सेलचीही भर पडत नाही. खरा प्रश्न असा, की एकूण पिक्सेल किती आणि ते केवढ्या कागदावर पसरायचे. साधा १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० गुणिले ३००० पिक्सेल. इंचाला ३०० च्या हिशेबाने तो १३ इंच रुंद छापता येतो. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाला पुरून उरेल. हाच फोटो २० फुटी फ्लेक्सवर ताणला तर एकेक पिक्सेल साधारण दीड मिलिमीटरचा होतो. आता निरोगी डोळ्याची ताकद बघा. दहा मीटरवरून आपल्याला जेमतेम ३ मिलिमीटरचा तपशील वेगळा ओळखता येतो. म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला त्या फ्लेक्समधला पिक्सेल दिसणं शक्यच नाही. तीनशेचा आग्रह लग्नपत्रिकेसाठी रास्त आहे, चौकातल्या फ्लेक्ससाठी नाही.

दुसरा प्रश्न जास्त मजेशीर आहे, कारण त्याचं उत्तर देताना ‘४८ मेगापिक्सेल’ या आकड्याचीही झडती घ्यावी लागते.

कल्पना करा, एका मोठ्या वस्तीत खानेसुमारी चालली आहे. प्रत्येक घराला तीन गोष्टी विचारायच्या आहेत: महिन्याला तांदूळ किती लागतो, साखर किती आणि तेल किती. पण प्रगणकाला हुकूम आहे, की एका घराला एकच प्रश्न विचारायचा. म्हणून तो एक नेम ठरवतो. निम्म्या घरांत फक्त तांदूळ विचारायचा, पाव घरांत साखर, उरलेल्या पाव घरांत तेल. आणि ही घरं अशी आळीपाळीने निवडायची की प्रत्येक घराला उरलेल्या दोन्ही प्रकारचे शेजारी मिळावेत. न विचारलेल्या दोन गोष्टी शेजाऱ्यांच्या उत्तरांवरून अदमासाने भरायच्या. छापील अहवालात मात्र प्रत्येक घरापुढे तिन्ही आकडे ठसठशीत दिसतात.

तुमच्या ड्रोनचा कॅमेरा, खिशातला मोबाइल आणि लग्नातल्या फोटोग्राफरचा महागडा कॅमेरा, जवळजवळ सगळे हेच करतात. सेन्सरवरच्या पिक्सेलला रंग कळत नाही, प्रकाश किती पडला एवढंच कळतं. म्हणून प्रत्येक पिक्सेलवर हिरव्या, तांबड्या किंवा निळ्या काचेचा एकच तुकडा बसवलेला असतो. निम्मे हिरवे, पाव तांबडे, पाव निळे. हिरव्याला झुकतं माप अशासाठी, की बारीक तपशील ओळखताना आपला डोळा मुख्यतः त्याच पट्ट्यातल्या प्रकाशावर विसंबतो. १२ मेगापिक्सेलच्या रंगीत फोटोत ३ कोटी ६० लाख आकडे असतात. त्यांतले मोजलेले फक्त १ कोटी २० लाख. उरलेले २ कोटी ४० लाख, म्हणजे दोन तृतीयांश, शेजाऱ्यांवरून काढलेले!

ही युक्ती ब्राइस बेयर यांची. अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या कोडॅक कंपनीत ते संशोधक होते. पेटंटचा अर्ज १९७५ चा, मंजुरी जुलै १९७६ ची. योगायोग असा, की त्याच कंपनीत त्याच १९७५ मध्ये स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याची झेप १०० गुणिले १०० पिक्सेल, तीही कृष्णधवल, आणि एक फोटो कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद. अशा काळात बेयर रंगीत सेन्सरची जाळी आखून बसले होते. सेन्सरच्या मुळाशी असलेल्या सीसीडीसाठी विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. प्रतिमा टिपणाऱ्या सेन्सरांच्या कामासाठी २०१७ मध्ये क्वीन एलिझाबेथ पारितोषिक आणखी तिघांसह पुन्हा स्मिथ यांच्याकडे गेलं. बेयर २०१२ मध्येच वारले होते. आज जगात रोज निघणाऱ्या बहुतेक फोटोंच्या प्रत्येक पिक्सेलमध्ये या माणसाचा हिशेब आहे, आणि त्याचं नाव फोटोग्राफीच्या जाणकारांपलीकडे कुणाच्या कानावर नाही. माझ्या मते हा अन्यायच आहे.

(कणाकणाने रंग वाटून घेण्याची कल्पना मात्र त्यांच्याहून जुनी. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात १८९६ मध्ये ज्यांची चलच्चित्रं दाखवली गेली त्या ल्युमिएर बंधूंनी १९०७ मध्ये रंगीत फोटोच्या काचा बाजारात आणल्या. बटाट्याच्या स्टार्चचे कण नारिंगी, हिरवे आणि जांभळट रंगवून त्यांनी काचेवर पसरले होते. प्रत्येक कण आपल्यापुरता एक रंग आत सोडायचा. बेयर यांनी त्या विस्कळीत कणांना शिस्त लावली असं म्हणता येईल.)

आता ४८ मेगापिक्सेलकडे येऊ. लहान ड्रोनमध्ये हा आकडा बहुधा ‘क्वाड बेयर’ जातीच्या सेन्सरमधून येतो. तिथे चौकोनातल्या चार शेजाऱ्यांवर एकाच रंगाची काच असते. घरं ४ कोटी ८० लाख झाली खरी, पण रंगांची जाळी १ कोटी २० लाखांचीच राहिली. हा सेन्सर मुळात चौघांची बेरीज करून १२ मेगापिक्सेलचा स्वच्छ फोटो देण्यासाठी घडवलेला आहे, आणि संध्याकाळच्या मंद उजेडात ते काम तो झकास करतो. ४८ च्या मोडमध्ये शेजारचे चारही जण एकच बोलणारे असल्याने रंगाचा अदमास लांबच्या घरांवरून घ्यावा लागतो. भर दुपारी थोडा जादा तपशील मिळतो, नाही असं नाही. पण चौपट? मुळीच नाही. लांबी आणि रुंदी दोन्ही दुप्पट झाल्या की पिक्सेल चौपट होतात, त्यामुळे कागदावरचा हिशेबही दुपटीच्या पुढे जात नाही.

आणि त्या दुपटीच्या आड खुद्द प्रकाश येतो. भिंग कितीही निर्दोष असलं तरी बिंदूची प्रतिमा बिंदू येत नाही, छोटी चकती येते. जॉर्ज एअरी या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने १८३५ मध्ये दुर्बिणीसाठी हे गणित मांडलं. २०२० मध्ये आलेल्या डीजेआयच्या मॅविक एअर २ या ड्रोनला ते लावून पाहू. त्याचा सेन्सर ६.४ गुणिले ४.८ मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षा लहान. त्यावर ८००० गुणिले ६००० पिक्सेल, म्हणून एकाची रुंदी ०.८ मायक्रॉन. भिंगाचं छिद्र एफ २.८. हिरव्या प्रकाशाची चकती भरते पावणेचार मायक्रॉन, म्हणजे जवळजवळ पाच पिक्सेल रुंद. जाळी कितीही बारीक विणली तरी त्यावर पडणारा ठिपकाच जाड, त्याला काय करणार? जाहिरातवाल्यांचं एअरीपुढे काही चालत नाही.

ड्रोन उडवणाऱ्यांच्या कामाचा आकडा वेगळाच आहे: जमिनीवरचा किती भाग एका पिक्सेलमध्ये मावतो? पिक्सेलची रुंदी गुणिले उंची, भागिले भिंगाचं नाभीय अंतर. सर्व्हेवाल्यांच्या आवडत्या फँटम ४ प्रोमध्ये पिक्सेल २.४१ मायक्रॉनचा आणि नाभीय अंतर ८.८ मिलिमीटर. १०० मीटरवरून एक पिक्सेल २.७ सेंटिमीटर, आणि आपल्याकडे ग्रीन झोनमध्ये मुभा असलेल्या १२० मीटरवरून ३.३ सेंटिमीटर. मोटारीच्या नंबरप्लेटवरचं अक्षर नियमाने ६.५ सेंटिमीटर उंच आणि त्याची रेघ १ सेंटिमीटर जाड असते. ती प्लेट काढून टपावर आडवी ठेवली तरी प्रत्येक अक्षराच्या वाट्याला उंचीचे दोन पिक्सेल येतील. दोन पिक्सेलमध्ये ८ आणि ३ वेगळे दिसत नाहीत. सिनेमात ‘एन्हान्स’ म्हणताच प्लेट वाचता येते, ती फक्त सिनेमातच.

गावठाणांच्या सर्वेक्षणात हाच हिशेब लोकांच्या दाराशी येतो. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत आधी प्रयोग झाला, पुढे एप्रिल २०२० मध्ये स्वामित्व योजना देशभर जाहीर झाली. ड्रोन येण्याआधी मिळकतींच्या हद्दी चुन्याने आखून ठेवतात. ती रेघ बोटभर आखली तर पिक्सेलमध्ये निम्मा चुना आणि निम्मी माती मिसळून मळकट राखाडी रंग उमटतो. चांगली हातभर पट्टी ओढली तर हद्द स्पष्ट दिसते. शिवाय ड्रोन पुढे सरकत असतो. सेकंदाला १० मीटर वेग आणि शटर शंभरांश सेकंद उघडं, म्हणजे तेवढ्यात ड्रोन १० सेंटिमीटर पुढे जातो. १०० मीटरवरून तो जवळजवळ चार पिक्सेलचा फराटा झाला. शटर हजारांशावर आणलं की तोच फराटा अर्ध्या पिक्सेलच्या आत येतो. मेगापिक्सेल वाढवण्यापेक्षा हे फुकट आहे.

मग रॉ म्हणजे काय? प्रगणकाची मूळ वही. कुठल्या घराला कुठला प्रश्न विचारला आणि काय उत्तर आलं, एवढंच तिच्यात असतं. जेपेग म्हणजे छापील अहवाल: अदमास भरलेले, रंग सजवलेले, कडा टोकदार केलेल्या, आणि जागा वाचवण्यासाठी बारीकसारीक तपशील गाळलेला. अहवाल छापला की कॅमेरा वही फेकून देतो. तुम्ही रॉ मागितलं तरच ठेवतो. म्हणून रॉ फाइल पहिल्यांदा उघडल्यावर फिकी वाटते, सॉफ्टवेअरने भिंगाचा दोष सुधारला नसेल तर कोपरेही काळवंडलेले दिसतात. त्यात काही बिघडलेलं नसतं. फोटो अजून नटायचा असतो.

वहीचा खरा फायदा पायऱ्यांमध्ये आहे. जेपेगमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, तर १२ बिटांच्या रॉमध्ये ४०९६. पावसाळ्यात दरीवर ड्रोन नेला की वर चकाकते ढग आणि खाली काळोखी झाडी, अशा वेळी ही श्रीमंती उपयोगी पडते. पण तिची वाटणी सारखी नाही, आणि इथे अनेकजण फसतात. रॉमधला आकडा प्रकाशाच्या थेट प्रमाणात असतो. प्रकाश निम्मा केला की आकडाही निम्मा. म्हणजे सर्वांत उजळ टप्प्याला २०४८ पायऱ्या मिळतात, त्याच्या निम्म्या उजेडाला १०२४, मग ५१२, आणि अगदी सावलीपर्यंत येता येता हाती चार-आठ उरतात. ‘रॉ आहे, काळा आला तरी मागाहून उजळू’ असं म्हणणारा त्या चार-आठ पायऱ्यांवर इमारत बांधत असतो, म्हणून सावल्यांत रवाळ कचरा दिसतो. उलट पिक्सेल काठोकाठ भरला तर तिथल्या ढगाचा तपशील रॉमध्येही सापडत नाही. म्हणून हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाच्या वाटणीचा आलेख, उजवीकडे झुकवायचा, पण कडेला टेकू द्यायचा नाही.

रॉमध्ये तपशील जास्त असतो, हा समजही जरा आवरायला हवा. पिक्सेल तेवढेच, जाळी तीच, एअरीची चकतीही तीच. फोकस चुकलेला फोटो रॉमध्येही चुकलेलाच राहतो. फाइल मात्र फुगते: एका पिक्सेलला दोन बाइट धरले तर १२ मेगापिक्सेलला २४ एमबी आणि ४८ ला ९६. यात्रेच्या फ्लेक्ससाठी हे ओझं वाहायचं काही कारण नाही. जेपेग द्या आणि छपाईवाल्याला वर दिलेला २० फुटांचा हिशेब दाखवा.

जुना वाडा पाडण्याआधीची नोंद, पुरात बुडालेलं शिवार, जीर्णोद्धाराआधीचं देऊळ अशा कामांना मात्र रॉ ठेवाच. कारण शेजाऱ्यांवरून अदमास बांधण्याची गणितं दरवर्षी सुधारत आहेत. पंधरा वर्षांपूर्वीची रॉ फाइल आजच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली तर तेव्हापेक्षा कमी कचरा आणि जास्त नेमके रंग मिळतात, कारण मोजलेले आकडे जसेच्या तसे हाताशी असतात. तेव्हाच्या जेपेगमध्ये तेव्हाचा अदमास कायमचा गोठलेला असतो. त्यातही ड्रोनला डीएनजी या प्रकारात रॉ साठवता येत असेल तर तोच निवडा. अडोबीने २००४ मध्ये आणलेल्या या प्रकाराची रचना जाहीर आहे, त्यामुळे ड्रोनची कंपनी उद्या बंद पडली तरी फाइल वाचणारं सॉफ्टवेअर कुणालाही लिहिता येईल.