कार्लसनपेक्षा पाच दिवसांनी लहान

१ जुलै २००६. रशियातल्या उरल डोंगररांगांमधलं सात्का नावाचं छोटं शहर. तिथे दिल्लीच्या परिमार्जन नेगीनं ग्रँडमास्टर रुस्लान श्चेर्बाकोवशी बुद्धिबळाचा डाव बरोबरीत सोडवला आणि ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा तिसरा, शेवटचा नॉर्म खिशात घातला. वय १३ वर्षं, ४ महिने, २२ दिवस. मॅग्नस कार्लसन ग्रँडमास्टर झाला, तेव्हा तो याच्यापेक्षा पाच दिवसांनी मोठा होता! नेगीहून लहान वयात हा टप्पा गाठणारा तोवर जगात एकच जण होता, सर्गेई कार्याकिन.

हा किताब मिळवणं किती अवघड आहे ते पाहा. एखादी स्पर्धा जिंकून तो सहसा मिळत नाही. (अपवाद आहेत: नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती थेट ग्रँडमास्टर झाली.) एरवी तीन नॉर्म लागतात. नॉर्म म्हणजे साधारण नऊ फेऱ्यांच्या स्पर्धेत २६०० रेटिंगच्या तोडीचा खेळ. तोही समोर पुरेसे ग्रँडमास्टर आणि निरनिराळ्या देशांचे खेळाडू असताना. शिवाय स्वतःचं रेटिंग एकदा तरी २५०० ला टेकवावं लागतं. मुरलेल्या खेळाडूंचीही यात वर्षानुवर्षं जातात. नेगीचा एक नॉर्म इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जचा, दुसरा घरच्या दिल्लीतला, तिसरा सात्काचा. तिन्ही अवघ्या सहा महिन्यांत!

दिल्लीच्या पटांना लहान मुलांचं काहीतरी वेडच असावं. जानेवारी २०१९ मध्ये चेन्नईचा डी. गुकेश ग्रँडमास्टर झाला तोही दिल्ली ओपनमध्येच, १२ वर्षं ७ महिने १७ दिवसांचा असताना. कार्याकिनचा विक्रम त्याच्या हातून सतरा दिवसांनी निसटला.

नेगी पुढे २०१२ मध्ये आशियाई विजेता झाला. २०१४ च्या ट्रॉम्सो ऑलिम्पियाडला विश्वनाथन आनंद संघात नव्हता. पहिल्या पटावर नेगी बसला आणि भारतानं खुल्या गटातलं आपलं पहिलं पदक, कांस्य, जिंकलं. एकविसाव्या वर्षी एवढं हाती असताना हा माणूस स्टॅनफर्डला शिकायला निघून गेला. मला त्याच्या किताबापेक्षा या निर्णयाचं अप्रूप जास्त वाटतं. पट त्यानं पुरता सोडला असंही नाही. राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवून सुरू होणाऱ्या डावांवर त्यानं जाडजूड ग्रंथ लिहिले, आणि त्यातल्या चाली आज दुसरेच खेळाडू खेळतात.

स्टॅनफर्डनंतर एमआयटीत त्यानं डेटाबेसवर संशोधन केलं. डेटाबेसला एक प्रश्न विचारला की उत्तराकडे जाणारे असंख्य रस्ते निघतात: कुठली यादी आधी उघडायची, ती कशाशी जोडायची. प्रत्येक रस्ता चालून पाहणं शक्य नसतं, म्हणून कुठला स्वस्त पडेल याचा आधीच अंदाज बांधावा लागतो. अंदाज फसला तर क्षणाच्या कामाला तास लागू शकतो. नेगी आणि सहकाऱ्यांनी एका निबंधात मांडलं की सगळे अंदाज बिनचूक असायची गरज नाही. ज्या चुकीमुळे निवडलेला रस्ताच बदलतो, तेवढीच चूक टाळायला अंदाज बांधणाऱ्या मॉडेलला शिकवावं. डावाच्या ऐन मध्यात तीस चाली शक्य असताना त्यातल्या दोन-तीनच खोलवर मोजणारा बुद्धिबळपटू याहून वेगळं काय करतो?