अदृश्य माणसाचे कपडे जातात कुठे?

मार्वेच्या धक्क्यावरून मनोरीला नेणाऱ्या बोटीचा प्रवास जेमतेम काही मिनिटांचा. पण चाळिशी-पन्नाशीतले दोन मित्र शेजारी बसले आणि बोलण्यात 'मिस्टर इंडिया' निघाला, तर पलीकडचा किनारा लागला तरी वाद मिटत नाही. अरुण वर्माने मनगटावरचे यंत्र सुरू केले की तो दिसेनासा होतो, येथपर्यंत दोघांचेही एकमत असते. भांडण पुढचे. त्याच्या अंगातले जाकीट आणि डोक्यावरची टोपीही त्याच्याबरोबर नाहीशी होते; मग त्याने उचललेली हनुमानाची मूर्ती तेवढी सर्वांना का दिसावी?

शेखर कपूर यांनी दिग्दर्शित केलेला आणि सलीम-जावेद यांनी लिहिलेला हा चित्रपट १९८७ मध्ये प्रदर्शित झाला. मोगॅम्बोचे संवाद आजही लोकांच्या तोंडी आहेत. मात्र चित्रपटाच्या निष्ठावंत चाहत्यांना संवादांपेक्षा वस्तूंमध्ये अधिक रस असतो. यंत्र, लाल काच, मूर्ती, टोपी यांवर ते तासन्‌तास बोलू शकतात. बाहेरच्या माणसाला हा रिकामटेकडेपणा वाटतो. परंतु विज्ञानकथेत वस्तू ही केवळ शोभेची नसते. तिच्या निमित्ताने कथेने एक नियम घालून दिलेला असतो आणि तो नियम पुढे पाळला जातो की नाही, हे पाहण्याचा प्रेक्षकाला अधिकार आहे.

कपड्यांच्या प्रश्नावर चाहत्यांनी शोधलेला तोडगा असा : यंत्र सुरू करतेवेळी जे अंगावर आहे ते झाकले जाते, नंतर हाती घेतलेले झाकले जात नाही. तोडगा सोयीचा आहे, कारण त्यामुळे मूर्ती अधांतरी फिरून गुंडांना बडवू शकते. पण मग त्या अवस्थेत त्याने काही खाल्ले, तर तो घास पोटात जाताना दिसायला नको का?

हा प्रश्न मात्र शंभराहून अधिक वर्षे जुना आहे. एच. जी. वेल्स यांची 'द इन्व्हिजिबल मॅन' ही कादंबरी १८९७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा नायक ग्रिफिन याने औषधाने स्वतःचे शरीर अदृश्य केलेले असते; कपडे नव्हे. त्यामुळे लपायचे असेल तर त्याला इंग्लंडच्या थंडीत विवस्त्र फिरावे लागते. खाल्लेले अन्न अंगी लागेपर्यंत पोटात दिसत राहते, हेही वेल्स यांनी लक्षात ठेवले. नियम केला की त्याची किंमत पात्राने मोजायची, हा त्यांचा कडक हिशेब. हॉलिवूडने १९३३ मध्ये या कादंबरीवर चित्रपट काढला तेव्हा जेम्स व्हेल यांच्यासारख्या दिग्दर्शकाच्या हातूनही एक चूक राहिली. शेवटी बर्फात अदृश्य माणसाची पावले उमटत जातात. माणूस विवस्त्र आहे, म्हणजे अनवाणी आहे. पण उमटतात ते बुटांचे ठसे! आज इतक्या वर्षांनीही त्या चित्रपटाचा विषय निघाला की हे बूट पुढे येतातच.

आपल्याकडे नानाभाई भट्ट यांच्या १९५७ सालच्या 'मिस्टर एक्स'मध्ये अदृश्य माणूस पडद्यावर दिसला. ती भूमिका अशोककुमार यांनी केली होती. पुढे १९६४ मध्ये 'मिस्टर एक्स इन बॉम्बे'त हा मान त्यांचे बंधू किशोरकुमार यांना मिळाला. त्यानंतर तेवीस वर्षांनी 'मिस्टर इंडिया'मध्ये अरुणला त्याच्या वडिलांच्या संशोधनाचा सुगावा देणारे वृद्ध प्राध्यापक सिन्हा म्हणून अशोककुमारच पडद्यावर दिसतात. जुन्या अदृश्य माणसाने नव्याला वारसा सोपवावा, असाच हा योग.

'मिस्टर इंडिया'चा सर्वांत गाजलेला नियम म्हणजे लाल रंग. अदृश्य झालेला माणूस लाल प्रकाशात किंवा लाल काचेतून दिसतो. मोगॅम्बोच्या माणसांना हे कळेपर्यंतचा काळ नायकाचा, कळल्यानंतरचा खलनायकाचा. कथेच्या दृष्टीने ही योजना चोख आहे. ज्याला काहीच उणे नाही अशा नायकाची काळजी कोण करणार? कॅमेऱ्याच्या दृष्टीनेही ती सोपी आहे. दिव्यापुढे लाल कागद लावला की प्रेक्षकाला न सांगता कळते, की आता तो पकडला जाऊ शकतो.

भौतिकशास्त्राचा कस लावला तर मात्र पंचाईत होते. सूर्याचा पांढरा प्रकाश सर्व रंगांचा मिळून बनलेला असतो आणि त्यात लालही असतो. लाल काच नवीन प्रकाश निर्माण करत नाही. ती इतर रंग अडवते आणि लाल तेवढा पुढे जाऊ देते. म्हणजेच काचेतून अरुण दिसत असेल, तर त्याच्या अंगावरून परावर्तित झालेला लाल प्रकाश काचेपर्यंत आधीच पोहोचत असला पाहिजे. तसे असेल, तर काच नसतानाही भर दुपारी तो लालसर आकृतीच्या रूपाने रस्त्यावरच्या प्रत्येकाला दिसायला हवा. चाहत्यांच्या वादातला हा सर्वांत बिनतोड मुद्दा म्हणावा लागेल. यंत्राच्या बाजूने बोलणारे यावर सांगतात, की इतर रंगांच्या झगमगाटात तो फिका लाल डोळ्यांना जाणवत नसावा. वकिली चांगली आहे, पण पांढऱ्या भिंतीपुढे उभ्या असलेल्या माणसाला ती वाचवू शकणार नाही.

दुसरी हरकत डोळ्यांची. आपल्याला दिसते, कारण डोळ्यात शिरलेला प्रकाश मागच्या नेत्रपटलावर अडतो आणि तेथे प्रतिमा उमटते. शरीर पूर्ण पारदर्शक झाले तर प्रकाश नेत्रपटलातूनही आरपार जाईल, म्हणजे अदृश्य माणूस आंधळा होईल. लाल प्रकाश तेवढा अडतो असे धरले, तर अरुणला सारे जग लाल दिसत असले पाहिजे. गंमत अशी, की या एका नियमाने त्याची दृष्टी वाचते आणि त्याच नियमाने त्याचा घातही होतो. हे लेखकांच्या मनात असेल असे वाटत नाही. पण ग्रिफिनपेक्षा अरुणची स्थिती बरी, एवढे श्रेय लाल काचेला द्यायला हरकत नाही.

हे सारे पडद्यावर आणले ते संगणकाविना. विशेष दृश्यांची जबाबदारी पीटर परेरा यांच्याकडे होती. 'अमर अकबर अँथनी'चे छायाचित्रणही त्यांचेच. त्या काळी अशा करामती प्रामुख्याने कॅमेऱ्यात आणि सेटवरच कराव्या लागत : बारीक तारेने वस्तू हलवणे, चौकटीचा काही भाग झाकून तीच फीत पुन्हा चालवणे, काळ्या पार्श्वभूमीवर काळे कपडे घालून हालचाल करणे. १९३३ च्या चित्रपटातही काळ्या मखमलीचाच आधार घेतला होता. अशा कामात वस्तू इंचभर सरकली तरी जोड उघडा पडतो. म्हणून वस्तू कुठे होती, कशी होती, याचा चाहत्यांना लागलेला ध्यास आधी तंत्रज्ञांनाच लागलेला असतो.

परदेशात असे वाद कधीकधी निकालीही निघतात. 'स्टार वॉर्स'मधील (१९७७) ल्यूकच्या प्रकाशतलवारीची मूठ म्हणजे वृत्तपत्रांचे छायाचित्रकार पूर्वी वापरत त्या ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा दांडा, हे चाहत्यांनी शोधून काढले. त्यावरची एक पट्टी जुन्या कॅलक्युलेटरच्या भिंगांची असल्याचेही त्यांनी ओळखले. परिणामी त्या दांड्यांचे भाव चढले आणि जुने कॅमेरे जमवणारे हळहळले. 'ब्लेड रनर'मधील (१९८२) पिस्तुलाच्या प्रतिकृती चाहते वर्षानुवर्षे पडद्यावरच्या चौकटी मोजून बनवत होते. मूळ पिस्तूल २००६ मध्ये अमेरिकेतील ॲनाहाइम येथे भरलेल्या विज्ञानकथा संमेलनात लोकांसमोर आले आणि प्रत्येकाला आपला अंदाज ताडून पाहता आला. २००९ मध्ये लिलावात त्याला सुमारे २ लाख ७० हजार डॉलर आले.

आपल्याकडे तसा निकाल लागणे अवघड, कारण साक्षीदारच उरत नाहीत. चित्रपटसृष्टीच्या भाषेत या वस्तूंना 'प्रॉपर्टी' म्हणतात; पण मालमत्तेसारखी त्यांची निगा मात्र राखली जात नाही. मढ-मार्वे-मनोरीच्या पट्ट्यातले बंगले आणि किनारे चित्रीकरणासाठी भाड्याने जातात. युनिटचा मुक्काम हलला की प्लायवूड आणि प्लास्टरचा डोलारा मोडला जातो, कामाच्या वस्तू पुढच्या चित्रपटासाठी रंग बदलून घेतात, उरलेले भंगारात जाते. मोगॅम्बोचा झगमगता पोशाख शिवणारे नागपूरचे माधव अगस्ती यांचे नाव निदान लोकांना ठाऊक आहे. वस्तू घडवणाऱ्या बहुतेक कारागिरांच्या वाट्याला तेवढेही येत नाही.

जपून ठेवलेलेही टिकेलच असे नाही. चेंबूरच्या आर. के. स्टुडिओला १६ सप्टेंबर २०१७ रोजी आग लागली, तेव्हा राज कपूर यांच्या चित्रपटांतले जपलेले पोशाख तिच्यात गेले. मूळच्या कोल्हापूरच्या भानू अथय्या यांनी 'गांधी'च्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये ऑस्कर मिळवले. आपल्या पश्चात ते नीट सांभाळले जाईल याची खात्री न वाटल्याने २०१२ मध्ये त्यांनी ते अमेरिकेतील अकादमीकडे परत सोपवले. ऑस्करच्या बाहुलीची ही कथा, तर मनगटावरच्या खोट्या यंत्राची काय असेल? मुंबईत पेडर रोडवर २०१९ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले, पण तोवर कित्येक वस्तू भंगारात निघून गेल्या होत्या.

मग पुरावा म्हणून उरते ती फीत, आणि तीही एकसारखी नाही. व्हिडिओ कॅसेटवर लाल रंग पसरट दिसे, सीडीवर तो चौकोनी ठिपक्यांत फुटे, पुढच्या डीव्हीडीवर त्याची छटा पुन्हा बदलली. यंत्राचा रंग नेमका कोणता, यावर दोन माणसे भांडतात तेव्हा दोघेही आपापल्या प्रतीशी प्रामाणिक असतात. सर्वांत बिकट अवस्था झाली ती कृष्णधवल टीव्हीवर हा चित्रपट प्रथम पाहिलेल्यांची. त्यांच्या पडद्यावर लाल प्रकाश आलाच नाही. करडी खोली किंचित अधिक करडी झाली आणि अनिल कपूर एकाएकी दिसू लागले. ते का दिसले, हे विचारायला त्यांना रंगीत टीव्ही असलेल्या शेजाऱ्यांकडे जावे लागले.